पहिली एक्स-विंग स्पर्धा: ताफा बदलू की आहे तोच उडवायला शिकू?

धूमकेतू७

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. तीन आठवड्यांनी एक्स-विंगची (स्टार वॉर्समधल्या जहाजांचा टेबलावरचा खेळ) स्पर्धा आहे आणि मी पहिल्यांदाच उतरणार आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन फूट बाय तीन फुटांचा मॅट, त्यावर अवकाशातले दगड आणि दोघांची छोटी रंगवलेली लढाऊ जहाजं. प्रत्येक जहाजाची एक गोल डायल असते, तिच्यावर त्या टर्नची चाल गुपचूप लावून ती पालथी ठेवायची. मग एकेक डायल उघडत जायची, जी चाल लावली असेल त्या आकाराची पट्टी जहाजापुढे ठेवून जहाज तिच्या टोकाला नेऊन ठेवायचं. हलल्यावर त्या जहाजाला एक ॲक्शन, म्हणजे एक जादा कृती, करता येते. सगळी हलून झाली की ज्याच्या समोरच्या कोनात आणि रेंजमध्ये शत्रू आला त्याने फासे टाकायचे. खेळ २०१२ चा, फँटसी फ्लाइट गेम्सचा, दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये आली. ही स्पर्धा त्या दुसऱ्या आवृत्तीच्या २०० पॉइंटांच्या नियमांनी आहे (म्हणजे ताफ्याची एकूण किंमत २०० पॉइंटांपर्यंत), स्विस पद्धतीचे (हरलं तरी बाद नाही, पुढची जोडी गुणांप्रमाणे) पाच राउंड, प्रत्येक राउंड ७५ मिनिटांचा.

अडचण अशी की माझा ताफा दोन महागड्या एसेसचा आहे (म्हणजे शेवटी हलणारे आणि सगळ्यात आधी गोळी मारणारे पायलट) आणि त्यांच्यासोबत एक साधं जहाज. सरावात दहातले सात सामने हरतोय. एक मित्र म्हणतो ताफाच चुकीचा आहे, नेटवर जिंकणाऱ्या याद्या मिळतात त्यातली एक उचल. दुसरा म्हणतो ताफ्याला हात लावू नकोस, सराव कर. तीन आठवड्यांत काय केलं तर जास्त फायदा होईल? मला तिथे जाऊन नीट खेळायचंय, नुसतं हजेरी लावून परत यायचं नाहीये.

गडगडाट

टाय फायटरांची (छोटी, स्वस्त जहाजं) झुंड न्या! सात-आठ जहाजं, एक पडलं तरी बाकीची आहेतच. फासे टाकून टाकून समोरच्याचा हात दुखला पाहिजे :)

निळी डायल

गडगडाट, पहिल्याच स्पर्धेत झुंड? आठ डायल लावायच्या, आठ जहाजं एकमेकांना न धडकवता हलवायची, आणि हे सगळं ७५ मिनिटांत, पाच वेळा. तिसऱ्या राउंडपर्यंत डोक्याचा भुगा होतो, मी स्वतः करून पाहिलंय.

धूमकेतू, माझं मत स्पष्ट सांगते. नेटवरची यादी उचलू नकोस. ती यादी ज्याने जिंकून दाखवली त्याने ती शंभरदा उडवलेली असते. त्याला माहीत असतं की हे जहाज या कोपऱ्यातून वळलं तर दगडाला घासतं की नाही. तुला यादी मिळेल पण त्याचे हात मिळणार नाहीत. आणि एसेस हा तर सगळ्यात क्षमा न करणारा प्रकार, एक चाल चुकली की तुझा अर्धा ताफा गेला. चार सारखी, मध्यम जहाजं घे, चार एक्स-विंग घे हवं तर (खेळाचं नाव ज्यावरून पडलं तेच जहाज). सगळ्यांची डायल एकच, म्हणजे एकदा पाठ झाली की चारही पाठ.

कोरा फासा

शेवटी सगळं फाशांवर आहे हो. मी मागच्या स्पर्धेत बचावाचे तीन हिरवे फासे टाकले आणि तिन्ही कोरे. माझा सगळ्यात महागडा पायलट दुसऱ्या टर्नला गेला. काय सराव करणार यावर?

पट्टीवाला

@कोरा फासा, ॲक्शन म्हणून फोकस (फाशावरचे डोळे कामी आणणारं टोकन) घेतला होता का त्या टर्नला?

कोरा फासा

नाही. बॅरल रोल केला होता, म्हणजे जहाज आडवं सरकवलं होतं.

पट्टीवाला

मग जरा आकडेच बघू. हिरव्या फाशाच्या आठ बाजू असतात: ३ चुकवल्याच्या, २ डोळ्याच्या म्हणजे फोकसच्या, ३ कोऱ्या. फोकस नसेल तर ८ पैकी ५ बाजू वाया. तीन फासे तिन्ही वाया जाण्याची शक्यता ५/८ चा घन, म्हणजे साधारण २४ टक्के, चारातून एकदा. हे दुर्दैव नाही, रोज घडणारी गोष्ट आहे. फोकस असता तर वाया जाणाऱ्या बाजू फक्त ३ उरल्या असत्या आणि तीच शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास आली असती. चारातून एकदा आणि एकोणिसातून एकदा, एवढा फरक त्या एका टोकनचा.

हल्ल्याच्या लाल फाशाचंही तसंच. ३ बाजू हिट, १ क्रिट (जबर हिट), २ डोळे, २ कोऱ्या. काही हाताशी नसेल तर निम्मे लागतात, फोकस असेल तर पाऊण. टार्गेट लॉक असेल तरी पाऊणच, कारण चुकलेले परत टाकले की त्यातले निम्मे लागतात. दोन्ही असतील तर ९४ टक्के. म्हणजे फोकस आणि लॉक दोन्ही घेऊन तीन फासे टाकणारं जहाज समोर असेल तेव्हा त्याच्या कोनात नसणं हाच एकमेव बचाव.

फाशांना शिव्या देण्याआधी प्रत्येक वेळी स्वतःला एकच विचारायचं, मी तिथे का होतो?

उंटाची तिरकी चाल

शेवटच्या वाक्याला +१. मी बुद्धिबळातून या खेळात आलो. सुरुवातीला फासे बघून नाक मुरडलं होतं, पण नंतर कळलं की ह्यात खरा डाव डायल लावताना होतो. दोघांनी एकाच वेळी लपवून चाल लावायची, ह्याची बुद्धिबळात सवयच नसते. तिथे समोरच्याने चाल केली की मग मी विचार करतो, इथे समोरचा काय लावतोय ह्याचा विचार तो लावत असतानाच करायचा असतो, आणि तो पण माझ्याबद्दल तोच विचार करतोय हे धरून. पहिले सहा महिने मी हरायचो ते फक्त माझ्याच जहाजांकडे बघत बसायचो म्हणून.

अणुरेणू

जरा अवांतर आहे, माफ करा, पण राहवत नाही. अवकाशात हवा नसते, मग ही जहाजं विमानासारखी वळतात कशी? इंजिन बंद केलं तरी वेग तोच राहायला हवा, वळायचं तर आडवा जोर लावायला हवा. तुम्ही जे खेळताय ती पहिल्या महायुद्धातली विमानांची झुंज आहे, नुसती मागे चांदण्यांची चादर लावलेली.

उंटाची तिरकी चाल

अणुरेणू, तुम्ही बरोब्बर बोललात आणि त्यामागे इतिहासही आहे. एक्स-विंगची चालीची पद्धत 'विंग्ज ऑफ वॉर' ह्या २००४ च्या इटालियन खेळाच्या वळणावर गेलेली आहे, आणि तो पहिल्या महायुद्धातल्या विमानांचाच खेळ होता! तिथे डायलच्या जागी पत्ते होते, चाल आधी ठरवून ठेवायची आणि मग एकदम उघडायची. तुम्हाला खरं न्यूटनचं अवकाश हवं असेल तर १९७३ चा 'ट्रायप्लॅनेटरी' बघा, नकाशावर प्रत्येक जहाजाचा वेग बाणाने काढायचा आणि इंधन जाळून तो बाण वाकवायचा.

अणुरेणू

हे माहीत नव्हतं, मनापासून धन्यवाद! बाण वाकवायचा ही कल्पना फारच आवडली. शोधतो.

धूमकेतू७

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काल रात्री बसून निळी डायल यांचं पटवून घेतलं. चार एक्स-विंग नेतोय, नक्की. (कोरा फासा, तुमचं दुःख मी समजू शकतो.)

आता पुढचा प्रश्न. सरावात माझा नेहमी घोळ होतो तो पहिल्या दोन टर्नमध्ये. एक तर मी आधी रेंजमध्ये जातो आणि मार खातो, नाहीतर घाबरून इतका हळू जातो की समोरचा आरामात जागा घेऊन बसतो. याला काही हिशेब आहे का अंदाजच करायचा?

पट्टीवाला

हिशेब आहे आणि तो एकदा डोक्यात बसला की आयुष्यभर पुरतो. कागद घे.

मॅट ९१४ मिलिमीटरचा. दोघेही आपापल्या कडेपासून रेंज १ मध्ये जहाजं ठेवतात, म्हणजे नाक जास्तीत जास्त १०० मिलिमीटरवर. मधलं अंतर उरलं ७१४. गोळी लागते रेंज ३ पर्यंत म्हणजे ३००.

आता चाल. एकची सरळ पट्टी ४० मिलिमीटरची, छोट्या जहाजाचा बेसही ४० चा. पट्टी नाकाला लावायची आणि जहाजाची *मागची* बाजू पट्टीच्या टोकाला टेकवायची, हे लोक विसरतात. म्हणजे एकच्या चालीत नाक ८० पुढे जातं, ४० नाही. दोनला १२०, तीनला १६०, चारला २००, पाचला २४०.

समोरासमोर दोघांनी चार लावला तर ४०० संपले, उरले ३१४. गोळी पोचत नाही. तुझा तीन आणि त्याचा पाच, तरी तेच ३१४. पण दोघांनी पाच लावला तर उरले २३४, पहिल्याच टर्नला गोळीबार. म्हणजे लक्षात ठेवायची बेरीज आठ. दोघांच्या चालींची बेरीज आठ किंवा कमी असेल तर पहिल्या टर्नला कोणी कोणाला मारू शकत नाही. तो कितीही सुसाट आला तरी पाचच्या वर जाणार नाही, म्हणजे तू तीन लावलास तर तू सुरक्षित. (हे बूस्ट, म्हणजे ॲक्शन म्हणून आणखी थोडं पुढे जाणं, नसलेल्या छोट्या जहाजांचं. बूस्ट असेल तर त्याची बेरीज वेगळी धर.)

मग दुसऱ्या टर्नला तू फोकस घेऊन उभा आणि तो तुझ्या रेंजमध्ये येतोय, अशी गाठ पडायला हवी. उलटी नको.

गडगडाट

बेरीज आठ! हे कोणी मला आधी का नाही सांगितलं? माझ्या झुंडीची शपथ, आजच वहीत लिहून ठेवतो.

निळी डायल

पट्टीवाला, हा हिशेब सुंदर आहे पण धूमकेतू, एक भर घाल त्यात. मध्ये सहा दगड असतात, तीन तू ठेवतोस तीन तो. ते एकमेकांपासून रेंज १ च्या बाहेर आणि कडांपासून रेंज २ च्या बाहेर लागतात, म्हणजे सगळे मधल्या साधारण ५१ सेंटीमीटरच्या चौकोनात येतात. चार जहाजं शेजारी शेजारी घेऊन त्यातून जायचं म्हणजे दाट गर्दीतून पालखी नेण्यासारखं. दगड ठेवतानाच ठरव की तुझी चौघं कुठल्या फटीतून जाणार. समोरच्याकडे एसेस असतील तर त्याला दाट दगड हवे असतात, तू तुझे तीन विरळ ठेव, त्याने कितीही चिकटवले तरी एका बाजूला तुला मैदान मिळतं.

आणि दगडावर गेलास तर? एक लाल फासा टाकायचा, निम्म्या वेळा नुकसान, ॲक्शन तर जातेच. दगडावर बसून राहिलास तर गोळीही मारता येत नाही. या शेवटच्या नियमाने माझा एकदा पूर्ण सामना घालवलाय.

काठावरचा

मी खेळत नाही, पण माझा मुलगा खेळतो म्हणून धागा वाचतोय. एक विचारतो. तो परवा रडवेला होऊन आला. म्हणाला समोरच्याने माझ्या लक्षात आणून दिलं नाही की मी फोकस घ्यायला विसरलोय, आणि नंतर मी घेऊ का विचारलं तर नाही म्हणाला. हे बरोबर आहे का? मोठा माणूस होता समोर.

कोरा फासा

नियमाने बरोबर आहे. स्पर्धेत विसरलात तर विसरलात.

पंच परमेश्वर

मी काही स्पर्धांमध्ये पंच म्हणून उभा राहिलोय म्हणून सांगतो. स्पर्धेचा संकेत असा आहे की जी ॲक्शन किंवा क्षमता वापरायची संधी निघून गेली ती नंतर वापरायची असेल तर समोरच्याची संमती लागते. तो नाही म्हणाला तर पंच काही करू शकत नाही आणि करायलाही नको. पण जे *सक्तीचं* आहे, उदाहरणार्थ लाल (अवघड) चाल केली की तणावाचं टोकन घ्यायचं, ते दोघांनीही लक्षात ठेवायची जबाबदारी आहे. समोरचा आपलं तणावाचं टोकन विसरला आणि तुम्ही मुद्दाम गप्प बसलात तर ती चलाखी नाही, ती लबाडी.

राहता राहिलं ॲक्शन आठवण करून देण्याचं. माझं मत, मुलगा असेल, नवखा असेल, तर सांगावं. मी खेळतो तेव्हा सांगतो.

उंटाची तिरकी चाल

मला हे पटत नाही. स्पर्धा ही स्पर्धा आहे. लक्षात ठेवणं हा कौशल्याचाच भाग आहे, बुद्धिबळात मी समोरच्याला 'तुमचा वजीर मरतोय' असं सांगतो का? सरावात सांगावं, शंभरदा सांगावं. स्पर्धेत सांगायला लागलो तर ज्याला सांगितलं त्याच्यावर उपकार आणि ज्याला नाही सांगितलं त्याच्यावर अन्याय. सगळ्यांशी सारखं वागायचं असेल तर गप्प बसणं जास्त सरळ आहे.

निळी डायल

उंट, तुमचा मुद्दा कळतो पण बुद्धिबळात पटावर सगळं दिसतं. इथे एका टर्नमध्ये चार डायल, चार ॲक्शन, टोकनं, लॉक, वर पायलटच्या क्षमता. मला फोकस विसरलेल्या माणसाला हरवून आनंद होत नाही. मला तो फोकस घेऊन, नीट तयार होऊन उभा असताना हरवायचाय. पहिल्या तीन राउंडमध्ये मी सरळ सांगते, 'ॲक्शन राहिली का?' एवढंच विचारते.

काठावरचा, मुलाला एक युक्ती सांगा. जहाज हलवलं की ॲक्शनचं टोकन बेसला टेकवल्याशिवाय पट्टी हातातून खाली ठेवायची नाही. हाताला सवय लागली की डोक्याला आठवावं लागत नाही.

काठावरचा

सांगतो ताई. आत्ताच सांगितलं, तो पट्टी घेऊन बसलाय.

पट्टीवाला

सवयींचं निघालंच आहे तर नवख्यांच्या हातून सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. जहाज तुमच्याकडे तोंड करून परत येत असतं तेव्हा डावं उजवं होतं. माझं एक जहाज कडेला समांतर, कडेपासून बोटभर अंतरावर, तोंड माझ्याकडे. मला ते मॅटच्या आत वळवायचं होतं. डायल लावली, उघडली, आणि पट्टी ठेवताना हात थांबला. माझं डावं लावलं होतं, जहाजाचं नाही. पट्टी थेट मॅटच्या बाहेर. बेसचा एक कोपरा जरी बाहेर गेला तरी जहाज गेलं, आणि ते तर अख्खं गेलं, एकही गोळी न खाता.

तेव्हापासून मी डायल लावताना ती जहाजाच्या तोंडाच्या दिशेने फिरवून धरतो. मान वाकडी करावी लागली तर करतो.

गडगडाट

मी तर उठून जहाजाच्या मागे जाऊन उभा राहतो. लोकांना वाटतं काहीतरी गहन डावपेच चाललाय.

पंच परमेश्वर

दुसरी एक नेहमीची. तणावात असलेल्या जहाजाला लाल चाल लावणं. दुसऱ्या आवृत्तीत अशी डायल उघडली तर ती चाल रद्द होऊन जहाज पांढरी दोनची सरळ चाल करतं. पहिल्या आवृत्तीत तर याहून कडक होतं, समोरचा खेळाडू तुमच्या डायलवरची चाल निवडायचा! त्या काळात मी लोकांना आपल्याच हाताने आपलं जहाज दगडावर नेऊन ठेवताना पाहिलंय.

धूमकेतू७

हे सगळं वहीत उतरवून घेतोय. आज सरावात चार एक्स-विंग पहिल्यांदा नेले. बेरीज आठ चालली! पण पुढे घोडं अडलं. समोर एक एस होता, तो प्रत्येक वेळी माझ्या चौघांनी हलून झाल्यावर हलतो, बूस्ट करतो, बॅरल रोल करतो आणि कोनाबाहेर निसटतो. त्याला पकडायचं कसं?

निळी डायल

त्याच्या मागे धावू नकोस. तो जिथे *येणार आहे* तिथे आधी जाऊन बस.

तुझी इनिशिएटिव्ह कमी, म्हणजे तू आधी हलतोस. ही तुला कमजोरी वाटतेय, पण तुझ्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार तेच आहे. त्याची डायल तुझ्याबरोबरच लागलेली आहे, तो शेवटी हलत असला तरी *चाल* बदलू शकत नाही. ती चाल जिथे संपते तिथे तुझं जहाज उभं असेल तर तो तुला येऊन धडकतो, पट्टीवरून मागे सरकतो आणि त्याची ॲक्शन जाते. बूस्ट नाही, बॅरल रोल नाही, फोकस नाही. धडकलेली दोघं एकमेकांना मारू शकत नाहीत पण तुझी बाकीची तिघं आहेत ना.

एक जहाज अडवायला, तीन मारायला. एसेसना याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

उंटाची तिरकी चाल

यालाच मी म्हणत होतो समोरच्याचा विचार. त्याच्या जागी बसून बघायचं: त्याच्या डाव्या हाताला दगड, उजवीकडे कड, तणाव आहे म्हणजे बहुधा निळी (सोपी, तणाव घालवणारी) चाल. उरल्या दोन-तीन चाली. त्यातली जी तुला सगळ्यात जास्त त्रासदायक, ती तो लावणार.

गडगडाट

लाख बोललात उंटमहाराज.

धूमकेतू७

मंडळी, कालच झाली स्पर्धा. अजून हात दुखतायत. पाचपैकी दोन जिंकले, तीन हरलो. सविस्तर लिहितो कारण या धाग्याशिवाय हे दोन पण झाले नसते.

पहिला राउंड, समोर बरेच अनुभवी गृहस्थ. मी इतका घाबरलो होतो की दुसऱ्याच टर्नला तिसरं जहाज हलवलं आणि ॲक्शन न घेता चौथ्याची डायल उघडायला गेलो. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, 'तिसऱ्याची ॲक्शन?' मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. फोकस घेतला. तरी त्यांनी मला साफ हरवलं, पण मी तो सामना पूर्ण खेळलो. उंट, तुमच्या मुद्द्यावर मी विचार करत होतो, पण काल त्या खुर्चीत बसून मला निळी डायल यांचंच पटलं.

दुसरा राउंड वेळेत संपला नाही. वेळ झाल्याचं सांगितल्यावर चालू टर्न पूर्ण करायचा असतो, तो केला, आणि पॉइंट मोजले तर थोडक्यात हरलो. डायल लावायला मी फार वेळ घेतला. हे माझंच.

तिसरा! समोर सुसाट येणारा माणूस, पहिल्याच टर्नला पाच लावला. मी तीन लावला होता. त्याने माझ्या कडेच्या जहाजावर निशाणा धरला आणि रेंजची पट्टी मध्ये ठेवली. पट्टीचं टोक माझ्या बेसच्या अलीकडे थांबलं. बोटभर फट. तो खाली वाकला, एक डोळा मिटून बघितलं, पट्टी पुन्हा नीट धरली, परत तेच. मला आतून ३१४, ३१४ असंच ऐकू येत होतं. पुढच्या टर्नला तो दगडांच्या मधोमध आणि माझी चारही जहाजं फोकस घेऊन त्याच्या समोर. जिंकलो.

चौथ्यात एसेसवाला. पहिलं एक जहाज गमावलं, मग आठवण झाली. त्याच्या समोर मोठा दगड होता, उजवीकडे कड. मनात त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. डावीकडचं वळण, दुसरं काही नव्हतंच. माझं एक एक्स-विंग एकची सरळ चाल करून त्या वळणाच्या टोकाला नेऊन ठेवलं. त्याने डायल उघडली, डावं वळण! पट्टी ठेवली आणि माझ्या जहाजाकडे बघून नुसता 'आईशप्पथ' म्हणाला. ॲक्शन नाही, एकही टोकन नाही. बाकीच्या दोघांनी फोकस खर्च करून मारलं, पहिल्यात ढाल गेली आणि दुसऱ्यात जहाज. तो उठून हात मिळवायला आला, सामना अजून चालू असताना.

पाचवा हरलो, डोकं चालत नव्हतं. त्यात शेवटी डावं उजवं केलंच.

निळी डायल

वाचून अंगावर काटा आला रे. शाब्बास! पहिल्या स्पर्धेत दोन म्हणजे फार छान, आणि ज्या पद्धतीने जिंकलास ती बघ.

कोरा फासा

अभिनंदन! मी पण आता बॅरल रोलच्या आधी फोकसचा विचार करतोय. परवा तीन हिरवे टाकले, दोन डोळे आणि एक कोरा. दोन चुकवले!

काठावरचा

पहिल्या राउंडमधला तो प्रसंग मुलाला वाचून दाखवला. पुढच्या महिन्यात तो पण उतरतोय.

उंटाची तिरकी चाल

अभिनंदन. माझं मत मी अजून बदललेलं नाही, पण ते गृहस्थ भेटले तर त्यांच्याशी एक सामना खेळायला मला नक्की आवडेल.

धूमकेतू, चौथ्या राउंडबद्दल एक विचारायचं होतं. तिन्ही एक्स-विंगची इनिशिएटिव्ह सारखी, म्हणजे क्रम तुझ्या हातात. अडवणारं आधी हलवलंस की मारणारी दोन?

धूमकेतू७

अडवणारं आधी. मारणारी आधी हलवली असती तर त्यातलं एक त्याच वाटेत येत होतं, अडवणारं आपल्याच जहाजाला धडकून अलीकडेच अडकलं असतं. हे मला डायल लावताना दिसलं नव्हतं, पट्टी हातात घेतल्यावर दिसलं.

पट्टीवाला

अगदी बरोबर केलंस. आता त्या टर्नची मांडणी काढून टाक इथे, दगड आणि कड कुठे होती त्यासकट. त्याच्याकडे उजवीकडची एकची चाल होती का ते मला बघायचंय.

धूमकेतू७

काढतो. आठवतंय तसं सांगायचं तर उजवीकडे एकची चाल होती, पण ती केली असती तर तो कडेपासून बेसभर अंतरावर कडेकडे तोंड करून उभा राहिला असता. संध्याकाळपर्यंत कागदावर मापं घेऊन टाकतो.